राणीच्या बागेतील मुके रहिवासी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी कोणीतरी स्वयंपाकघराबाहेरच्या विषयावर बोलावे असे कार्यकारिणीने ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. गेल्या हिवाळ्यात आपली सहल भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेली होती. तेथे पाहिलेल्या गोष्टींवर चार शब्द बोलावेत, असे मनात आहे.

ही बाग १८६२ साली खुली झाली ती गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते. पहिले नाव व्हिक्टोरिया राणीचे. आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले यांचे. म्हणजे उद्घाटनापासून नामकरणापर्यंत सारा बायकांचाच मान! तेथील उर्वशीचे आणि गोरखचिंचेचे झाड पाहण्यासाठीसुद्धा एकदा अवश्य जावे.

आमच्याबरोबरच्या मुलांची पहिली धाव अर्थातच पेंग्विनकडे. पेंग्विन म्हटला की तो बर्फावरचाच, अशी आपली समजूत. पण हे हम्बोल्ट जातीचे. यांचे माहेर पेरू आणि चिली देशांचा समुद्रकिनारा. २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ पक्षी आणले. त्यांतला एक त्याच वर्षी दगावला. बाकीचे रुळले, २०१७ पासून लोकांना पाहता येऊ लागले आणि पुढे येथेच त्यांना पिल्लेही झाली. मुंबईच्या घामट हवेत त्यांच्यासाठी घर अहोरात्र थंड ठेवावे लागते. परक्या मुलुखातला पाहुणा घरी आणला की त्याची हवा, त्याचे पाणी, त्याचे अन्न हे सारे आपल्यावर येते. हौस एका दिवसाची असते, जबाबदारी त्याच्या जन्माची.

प्राणिसंग्रहालयात वाघ किंवा अस्वल एकाच रेषेत येरझाऱ्या घालताना आपण पाहतो आणि म्हणतो, “बघा, कसा ऐटीत फिरतोय!” ती पुष्कळदा ऐट नसते. जंगलात वाघाला भक्ष्य शोधावे लागते आणि आपली हद्द राखावी लागते. येथे मांस वेळेवर समोर येते. मग जीव रमवायचा कशात? नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ घरात कसे येरझाऱ्या घालतात, हे आपल्यापैकी काहीजणी जाणतातच! म्हणून चांगल्या संग्रहालयात अन्न लपवून ठेवतात, ओंडके, डबकी, लपायला झाडोरा देतात. पोट भरणे म्हणजे सांभाळणे नव्हे, हे आपण गृहिणींना कोणी शिकवायला नको.

आता हरणांच्या कुंपणापाशी घडलेली गोष्ट. एक सद्गृहस्थ बटाट्याचे वेफर्स आत फेकत होते. आमच्यातल्या एका ताईंनी नम्रपणे हटकले. ते म्हणाले, “जाऊ द्या हो बाई, तेवढाच त्यांना खाऊ!” हेतू वाईट नव्हता. पण हरीण हे गाईसारखेच रवंथ करणारे जनावर. पाल्यावर चालणाऱ्या त्या पोटात पिठूळ पदार्थ गेले की आम्ल वाढते आणि जनावर आजारी पडते. खाऊबरोबर प्लास्टिकची पिशवी गेली, तर ती पचतही नाही आणि बाहेरही पडत नाही. पोटात गोळा होऊन राहते. आपला खाऊ त्याचे मरण ठरू शकतो.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली सुधारणा झाली. तिच्यानुसार संग्रहालयातल्या प्राण्यांना डिवचणे, खाऊ घालणे, गोंगाटाने त्रास देणे आणि तेथे कचरा टाकणे हा गुन्हा आहे. १९९२ साली देखरेखीसाठी केंद्रीय प्राधिकरण स्थापन झाले. हत्तीसारख्या फिरत्या, कळपात राहणाऱ्या प्राण्याला संग्रहालयाची जागा पुरत नाही, म्हणून २००९ साली त्याने हत्ती तेथे न ठेवण्याचा आदेश काढला.

काही भगिनी विचारतील, मग ही संग्रहालये हवीतच कशाला? मला तसे सरसकट म्हणवत नाही. दार्जिलिंगच्या संग्रहालयात वाढवलेल्या लाल पांडाच्या दोन माद्या २००३ साली सिंगलीलाच्या जंगलात सोडण्यात आल्या. असे काम जेथे होते, तेथे पिंजऱ्याला काही अर्थ येतो. नुसत्या करमणुकीसाठी मात्र एकही जीव कोंडू नये. प्राणी थोडे असावेत, पण त्यांना जागा ऐसपैस असावी.

आपल्या हातात काय आहे? पुढच्या सहलीला जाताना खाऊचे डबे कुंपणापासून दूरच उघडावेत. काचेवर टकटक करणाऱ्या मुलाचा हात हलकेच धरावा. आणि घरी आल्यावर मुलांना “काय काय पाहिलेस?” एवढेच न विचारता, “तो प्राणी काय करीत होता?” असेही विचारावे. मुक्या जिवाकडे नीट पाहायला शिकलेले मूल माणसांशीही नीट वागेल, असा माझा विश्वास आहे.