परवाना गेला, शिक्षणाचे काय? – विमा प्रतिनिधींच्या प्रश्नावरील भाषण



विमा प्रतिनिधींच्या शिक्षणाचा विषय प्रथमदर्शनी रूक्ष वाटतो. प्रशिक्षणाचे तास, परीक्षा, नूतनीकरणाची मुदत, सवलतीस पात्र असणाऱ्यांची यादी, एवढेच त्याचे बाह्य स्वरूप दिसते. परंतु कष्टकरी कुटुंब पोटाला चिमटा घेऊन ज्या माणसाच्या शब्दावर वर्षानुवर्षे हप्ते भरते, त्या माणसाला कायदा किती ठाऊक आहे, हा प्रश्न त्या तासांच्या आड उभा आहे.

1956 साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन 245 देशी-विदेशी कंपन्या व सोसायट्यांचा कारभार एका महामंडळाकडे आला. 1999 च्या कायद्याने हे क्षेत्र पुन्हा खाजगी भांडवलाला खुले झाले. पुढच्याच वर्षी नियामक प्राधिकरणाने प्रतिनिधींच्या परवान्याचे नियम केले. 100 तासांचे प्रशिक्षण, त्यानंतर परीक्षा, त्यानंतर तीन वर्षांचा परवाना. आणि नूतनीकरणापूर्वी आणखी 25 तास, असा तो क्रम होता. पुढे 2007 मध्ये 100 चे 50 तास झाले.

या नियमांत दोन सवलती होत्या आणि त्या दोन्ही एका मापाने मोजता येणार नाहीत. पाच हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावात बारावीऐवजी दहावी उत्तीर्ण उमेदवार चालत असे. ही सवलत न्याय्य होती. ज्या गावात दहावीपुढे शाळाच नाही, तेथील तरुणाला शाळा नसल्याची शिक्षा का द्यावी? दुसरी सवलत सनदी लेखापाल, कंपनी सचिव, मान्यताप्राप्त संस्थेतील एमबीए अशा पदवीधरांसाठी होती. त्यांना आरंभीचे प्रशिक्षण निम्मेच पुरे होई. विमागणित जाणणाऱ्याला ती मिळाली तर समजू शकते. पण व्यवस्थापनाची पदवी घेतली म्हणजे मृत्युदाव्याचा अर्ज कसा भरावा हे आपोआप कळते, असे मानण्याला आधार कोणता? पदवीला सूट आणि अनुभवाला नाही, हा आपल्या समाजातला जुनाच पक्षपात नियमांच्या भाषेत उतरला होता.

2015 साली विमा कायद्यात दुरुस्ती झाली. माझे काम भाषांतराचे असल्यामुळे मी शब्दांकडे जरा अधिक पाहतो. त्या दुरुस्तीनंतर प्रतिनिधीच्या संदर्भात ‘परवाना’ हा शब्द जाऊन ‘नियुक्ती’ हा शब्द आला. परवाना सार्वजनिक सत्ता देते. नियुक्ती कंपनी करते. प्रवेशपरीक्षा राहिली, पण दर तीन वर्षांचे नूतनीकरण संपले आणि त्याला जोडलेली 25 तासांची अटही त्याबरोबर गेली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या नियमांत मात्र बँकांसारख्या संस्थांच्या वतीने विमा विकणाऱ्यांसाठी नूतनीकरणापूर्वीचे 25 तास कायम ठेवले गेले. म्हणजे काचेच्या दालनात बसणाऱ्याला शिक्षण चालू ठेवणे आवश्यक, आणि चाळीचे जिने चढणाऱ्याला ते कंपनीच्या मर्जीवर!

आणि बदलले किती, ते पाहा. पूर्वी दोन वर्षे उलटल्यानंतरही कंपनी लबाडीचा आरोप सिद्ध करून दावा नाकारू शकत असे. 2015 च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षे पूर्ण झालेल्या आयुर्विमा पॉलिसीवर कोणत्याही कारणास्तव आक्षेप घेता येत नाही. पूर्वी नामनिर्देशित व्यक्ती केवळ पैसे स्वीकारणारी विश्वस्त मानली जाई. सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये तसाच निर्णय दिला होता. 2015 मध्ये पती, पत्नी, आईवडील वा मुले यांचे नामनिर्देशन असल्यास लाभाचा हक्क त्यांचा, अशी तरतूद आली, आणि तिचा अर्थ लावताना उच्च न्यायालयांत मतभेद झाले. पॉलिसी परत करण्याची 15 दिवसांची मुदत 2024 मध्ये 30 दिवस करण्यात आली. यातले काहीच ज्याच्या कानावर गेले नाही असा जुना, प्रामाणिक प्रतिनिधी एखाद्या विधवेला सांगेल, ‘बाई, आता काही मिळायचे नाही,’ आणि ती त्याच्यावर विश्वास ठेवील.

यावर उत्तर असे दिले जाते की, प्रतिनिधीच्या कृतीची जबाबदारी 2015 च्या दुरुस्तीने कंपनीवरच टाकली असून एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. तेव्हा कंपनी त्याला शिकवीलच. ही तरतूद चांगली आहे, हे मान्य करू. पण कंपनी आधी काय शिकवील? नवी योजना कशी खपवावी, हे. दाव्याचा नकार कसा लढवावा, हे शिकवण्यात तिचा कोणता लाभ?

तथापि जुनी पद्धत जशीच्या तशी परत आणा, असे मी म्हणणार नाही. प्रतिनिधीला पगार नाही, कमिशन आहे. त्याचे 25 तास म्हणजे बुडालेली तीनचार दिवसांची कमाई. ती कोण भरून देणार, हे त्या नियमांनी कधी सांगितले नाही. म्हणून आपली मागणी तिहेरी असली पाहिजे: ठराविक काळाने शिक्षण सक्तीचे असावे, त्याचा पाठ्यक्रम सार्वजनिक संस्थेने ठरवावा, आणि त्या काळाचा मोबदला कंपनीने द्यावा. सूट द्यायचीच तर ती आजारपणाला, बाळंतपणाला आणि दीर्घ अनुभवाला द्यावी, आणि तीही तासांपुरती. कायद्यातील नव्या बदलांची माहिती कोणालाही माफ नसावी.

भाषेचा मुद्दा राहिला. प्रवेशपरीक्षा मराठीतून देता येते, पाठ्यपुस्तकही मराठीत आहे. पण त्यानंतर येणारी प्राधिकरणाची परिपत्रके इंग्रजी आणि हिंदीत असतात. बेळगाव, बडोदे, इंदूर येथे मराठी विमेदारांत काम करणाऱ्या आपल्या कॉम्रेड्सनी हा प्रश्न प्रतिनिधींच्या संघटनांमध्ये आधी मांडावा. परिपत्रकांचे मराठी करून देण्याच्या कामात मी स्वतः वाटा उचलीन. पहिले नामनिर्देशनाचे कलम घेऊ.