दाराबाहेर ठेवलेला सूर



देवळांत शिरतांना आपण पादत्राणें बाहेर काढून ठेवतों. बाहेरची धूळ बाहेर राहावी, हा त्यांतील हेतु. पण पादत्राणांबरोबर माणसानें आपला सूरहि दाराबाहेरच ठेवावा काय? ज्या सुरांत तो राबतांना गातो, ज्या सुरांत त्याच्या आईनें त्याला निजविलें, ज्या सुरांत तो रडतो, तो सूर देवापुढें न्यावयाचा नाहीं. तेथें दुसऱ्या कोणाचा तरी सभ्य सूर उसना घ्यावयाचा, असा दंडक असावा काय? अमेरिकेंतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांचें जें ‘गॉस्पेल’ संगीत, त्याच्या इतिहासांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो. त्या इतिहासाकडे आज आपण थोडें पाहूं.

‘गॉस्पेल’ म्हणजे शुभवर्तमान. परंतु ह्या संगीताचा उगम जेथें झाला, तेथें शुभ असें फारसें कांहीं नव्हतें. आफ्रिकेंतून धरून आणलेले लोक आणि त्यांचे वंशज अमेरिकेच्या दक्षिण भागांत कापसाच्या व तंबाखूच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबत होते. त्यांची भाषा गेली, नांवें गेलीं. मायलेंकरें निरनिराळ्या गिऱ्हाइकांना विकलीं गेलीं. कित्येक राज्यांत त्यांना वाचावयास शिकविणें हा गुन्हा होता. मालकांच्या धर्माबरोबर मालकांचीं स्तोत्रेंहि त्यांच्यापर्यंत आलीं. हातीं पुस्तक नाहीं. तेव्हां एकानें ओळ सांगावी आणि इतरांनीं ती लांबवीत, हेलकावे देत गावी, अशी रीत पडली. आपल्या भजनांत बुवांनीं चरण म्हणावा आणि मागच्या मंडळींनीं तो उचलावा, तसेंच हें. त्यांतच आफ्रिकेंतील लय मिसळली. ढोल नसला तरी हातांची टाळी होती, पायांचा ठेका होता. ह्यांतून जीं गाणीं जन्मलीं त्यांना ‘स्पिरिच्युअल’ म्हणतात. त्यांतील बहुतेकांचे कर्ते अज्ञात आहेत. मोशेनें आपल्या लोकांना मिसर देशाच्या दास्यांतून सोडविलें, ही बायबलांतील कथा त्यांना विशेष प्रिय. कारण मिसर देश कोणता आणि फारो राजा कोण, हें गाणाऱ्याला निराळें सांगावें लागत नसे.

१८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें संपली. दुसऱ्याच वर्षीं टेनेसी राज्यांतील नॅशव्हिल शहरीं, मुक्त झालेल्या लोकांच्या शिक्षणासाठीं, फिस्क नांवाची शाळा निघाली. तीच पुढें विद्यापीठ झाली. परंतु पांच वर्षांतच संस्था कर्जांत बुडण्याच्या बेतांत आली. तेव्हां तेथील खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनीं नऊ विद्यार्थी निवडले आणि १८७१ च्या ऑक्टोबरांत त्यांना घेऊन ते जलसे करीत निघाले. हेच प्रसिद्ध ‘फिस्क जुबिली सिंगर्स’. प्रारंभीं ही मंडळी गोऱ्या श्रोत्यांच्या परिचयाचीं गाणींच मुख्यतः गात. आईबापांचीं गाणीं चारचौघांत गावयास त्यांचें मन घेईना. एक तर तीं प्रार्थनेचीं, पवित्र. दुसरें, तीं दास्याची आठवण करून देणारीं. पण श्रोत्यांचीं मनें हाललीं तीं ह्याच गाण्यांनीं. १८७३ सालीं इंग्लंडांत व्हिक्टोरिया राणीनें तीं ऐकलीं. जलशांच्या उत्पन्नांतून उभारलेली ‘जुबिली हॉल’ ही इमारत नॅशव्हिलला आजहि उभी आहे. ज्यांच्या वडीलधाऱ्यांना अक्षरओळखहि निषिद्ध होती, त्या मुलांनीं त्याच वडीलधाऱ्यांच्या गाण्यांवर विद्यामंदिर तारलें!

मात्र प्रतिष्ठा आली कीं तिच्या अटीहि येतात. स्पिरिच्युअल गीतें आतां युरोपीय स्वरमेळांत बसविलीं जाऊं लागलीं. पुढें विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून लाखों कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून शिकागोसारख्या उत्तरेकडील शहरांत आले. तेथील जुन्या, सुस्थित चर्चांमध्यें युरोपीय रचना शिस्तीनें गायिल्या जात. खेड्यांतून आलेल्या नव्या माणसाची टाळी, हुंकार, डोलणें त्या मंडळींना गांवंढळ वाटे. त्यांना आपण सरसकट दोष देऊं नये. ज्यांना जगानें रानटी म्हटलें, त्यांना आपण सुसंस्कृत आहों हें दाखविण्याची निकड वाटावी, हें स्वाभाविक होतें. पण त्यामुळें नव्या माणसाचा सूर दाराबाहेरच राहिला. बाहेर तो दारूच्या गुत्त्यांत ‘ब्ल्यूज’ म्हणून वाजत होता.

तो सूर आंत आणण्याचें काम ज्यांनीं केलें, त्यांत टॉमस डॉर्सी हें नांव प्रमुख आहे. त्यांचा जन्म १८९९ सालीं जॉर्जिया राज्यांत झाला. वडील धर्मोपदेशक, पण मुलगा ब्ल्यूज गाणाऱ्या मा रेनी ह्यांच्या ताफ्यांत पियानो वाजवूं लागला, आणि १९२८ सालीं एका चावट गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेनें त्यानें बाजार गाजविला. हाच मनुष्य त्याच ब्ल्यूजच्या वळणानें देवाचीं गाणीं रचूं लागला. ‘गॉस्पेल’ हें नांव तत्पूर्वीं सँकी वगैरे गोऱ्या गीतकारांच्या रचनांना रूढ होतें. डॉर्सी यांच्यामुळें त्याला नवा अर्थ आला. अनेक चर्चांनीं त्यांना प्रथम दार दाखविलें.

१९३२ च्या ऑगस्टांत ते सेंट लुई शहरीं एका धर्मसभेंत गावयास गेले होते. तेथें तार आली: घरीं पत्नी बाळंतपणांत वारली. ते परत आले. पाठोपाठ तान्हें मूलहि गेलें. ह्या दुःखांत, आपण देवाची सेवा केली तिचें हेंच फळ काय, असें वाटून धार्मिक संगीत कायमचें सोडण्याचा विचार त्यांच्या मनांत आला. पण कांहीं दिवसांनीं ते पियानोपाशीं बसले. बोटांखालीं एकोणिसाव्या शतकांतील एका जुन्या स्तोत्राची चाल आली, आणि तिच्यावर ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हें गीत त्यांनीं रचलें. थकलेल्या माणसानें देवाला आपला हात धरावयास सांगावें, एवढाच त्याचा आशय. चाल स्तोत्राची, पण तिच्यांतला कढ ब्ल्यूजचा. सभ्य सुरांत हें दुःख मावलें नसतें.

हें गीत पुढें महेलिया जॅक्सन यांच्या कंठांतून घरोघर पोंचलें. न्यू ऑर्लीन्समध्यें १९११ सालीं जन्मलेल्या ह्या बाई शिकागोला आल्या आणि डॉर्सी यांचीं गाणीं गात गांवोगांव हिंडल्या. पैशासाठीं ब्ल्यूज गाण्याचा आग्रह पुष्कळांनीं केला. त्यांनीं मानला नाहीं. २८ ऑगस्ट १९६३ रोजीं वॉशिंग्टनच्या विराट सभेंत डॉक्टर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणापूर्वीं त्या गायिल्या. भाषण चालूं असतां, ‘त्या स्वप्नाविषयीं सांगा’, असें त्यांनींच सुचविलें, हें जवळ असलेल्यांनीं नमूद केलें आहे. ४ एप्रिल १९६८ रोजीं मेंफिस शहरीं, गोळी लागण्यापूर्वीं कांहीं क्षण, डॉक्टर किंग यांनीं एका वादकाला त्या रात्रींच्या सभेंत डॉर्सी यांचें हेंच गीत वाजविण्यास सांगितलें होतें. अंत्यविधीच्या दिवशीं तें महेलियाबाईंनीं गायिलें. १९७१ सालीं त्या भारतांत आल्या. कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि आपली मुंबई येथें त्यांचे जलसे झाले. पुढच्याच वर्षीं त्या वारल्या, तेव्हां त्यांच्यासाठीं तेंच गीत अरेथा फ्रँकलिन यांनीं म्हटलें.

एवढ्यावर कथा संपत नाहीं. बाहेरचा सूर आंत आला, तसा आंतला सूर बाहेरहि गेला. १९५४ सालीं रे चार्ल्स यांनीं एका गॉस्पेल गीताच्या धर्तीवर प्रेमगीत बांधलें. सॅम कूक हे गॉस्पेल गायक १९५७ सालीं लौकिक संगीताकडे वळले. ‘सोल’ म्हणून जगभर गाजलेलें संगीत ह्यांतून निघालें. मग पूर्वीं डॉर्सी यांना जो बोल लागला, तोच उलट्या दिशेनें ह्यांना लागला: देवाचें गाणें बाजारांत नेलें!

आपल्या महाराष्ट्रांतहि ह्या प्रश्नाची एक बाजू दिसते. येथील ख्रिस्ती उपासनेंत पाश्चात्य चालींवर भाषांतरित गीतें म्हणण्याचा प्रघात होता. १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं अभंग, ओवी व कीर्तन ह्यांना त्या उपासनेंत मानाचें स्थान मिळवून दिलें. तुकोबांचें ऋण ते उघडपणें मानीत. टिळक व डॉर्सी यांची परिस्थिति सर्वस्वीं भिन्न. पण धर्म बदलला वा दुसऱ्याकडून घेतला, तरी मनुष्य रडतो आणि आळवितो तो आपल्याच सुरांत, हें दोघांनींहि ओळखलें होतें.

बाजारांत गेलेल्या गाण्याचें कांहींच बिघडत नाहीं, असें मी म्हणत नाहीं. पुष्कळ बिघडतें. पण गाणें पवित्र कीं अपवित्र, हें त्याच्या चालीवरून ठरवावयाचें नसतें. गाणारा तें कोणापुढें आणि कशासाठीं गातो, ह्यावरून तें ठरतें. तेव्हां देवाच्या दारीं पादत्राणें अवश्य काढून ठेवावीं. पण सूर मात्र ज्याचा त्याला आंत नेऊं द्यावा. कित्येकांपाशीं नेण्यासारखें दुसरें कांहींच नसतें.