त्वचेचे नूतनीकरण : केमिकल पीलचे लाभ आणि मर्यादा



साप कात टाकतो हे सर्वांना ठाऊक असते. माणूसही कात टाकतो, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी नव्या पेशी सतत जन्म घेतात, हळूहळू वर सरकतात, वाटेत मृत होतात आणि अखेरीस सूक्ष्म कणांच्या रूपाने गळून पडतात. तरुणपणी या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. वय वाढते तशी ही गती मंदावते, मृत पेशींचा थर साचतो आणि चेहरा निस्तेज दिसू लागतो.

या बदलाला केवळ वय कारणीभूत नसते. चेहऱ्याची त्वचा आणि कपड्याआड राहिलेल्या दंडाची त्वचा एकाच वयाची असते, तरी दोहोंत केवढे अंतर दिसते! हे अंतर उन्हाने पाडलेले असते. सूर्याचे अतिनील किरण त्वचेला आधार देणाऱ्या कोलॅजन आणि इलॅस्टिन या तंतूंची हानी करतात. त्यातून सुरकुत्या, खडबडीतपणा आणि डाग उद्भवतात.

केमिकल पील हा यावरील एक उपाय आहे. ठरावीक तीव्रतेचे आम्ल ठरावीक वेळ लावून त्वचेचे वरचे थर काढून टाकायचे आणि शरीराला तेथे नवी त्वचा घडवू द्यायची, हे त्याचे तत्त्व होय. थोडक्यात, ही हेतुपुरस्सर केलेली, मोजून-मापून केलेली जखम असते. तिचे यश आम्लाच्या जोरावर नव्हे, तर मापावर अवलंबून असते.

या विद्येला मोठा इतिहास आहे. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाऊल उन्ना यांनी १८८२ साली सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल व ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल यांचा त्वचेवरील परिणाम वर्णिला. १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत बेकर आणि गॉर्डन यांनी फिनॉल आणि क्रोटॉन तेल यांचे मिश्रण प्रचारात आणले. हे क्रोटॉन तेल म्हणजे भारतीय वैद्यांना पूर्वापार परिचित असलेल्या जमालगोट्याच्या बियांचे तेल होय. १९७४ साली व्हॅन स्कॉट आणि यू यांनी फळांतील व दुधातील सौम्य आम्लांचे गुण दाखवून दिले आणि सौम्य पीलचा मार्ग मोकळा झाला. उसात आढळणारे ग्लायकोलिक, दुधातील लॅक्टिक आणि कडू बदामापासून प्रथम मिळालेले मँडेलिक ही त्याच कुळातील आम्ले.

पीलचे खोलीनुसार तीन प्रकार पडतात. सौम्य पील बाह्यत्वचेपुरते राहते. मध्यम पील, उदाहरणार्थ ३५ टक्के ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लाचे, अंतस्त्वचेच्या वरच्या भागापर्यंत जाते. फिनॉलचे खोल पील त्याहूनही आत पोहोचते. फिनॉल रक्तात शोषले जाऊन हृदयाचे ठोके अनियमित करू शकते. म्हणून ते देताना हृदयावर यंत्राने लक्ष ठेवावे लागते.

भारतीयांच्या दृष्टीने खरा कळीचा मुद्दा येथेच आहे. फोडणी देताना हातावर उडालेला तेलाचा थेंब बरा होतो, पण काळा डाग कित्येक महिने मागे ठेवतो. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून रक्षण करते. मात्र जखम झाली की तेच अधिक प्रमाणात निर्माण होऊन डाग उमटवते. त्यामुळे गोऱ्या त्वचेवर उत्तम ठरलेले तीव्र पील येथे मूळ डागापेक्षा मोठा डाग देऊ शकते. म्हणूनच सावळ्या त्वचेसाठी फिनॉलचे खोल पील टाळले जाते आणि सौम्य पील काही आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा केले जाते. मुरुमांचे डाग, निस्तेजपणा, बारीक रेषा यांत त्याने चांगला गुण येतो. वांग मात्र चिवट असते. ऊन, गर्भारपण, संप्रेरके आणि अनुवंशिकता ही त्याची कारणे कायम राहिल्यास फिकट झालेले वांग पुन्हा उमटते.

पीलपूर्वी साधारण दोन ते चार आठवडे मलमे आणि सनस्क्रीन लावून त्वचेची पूर्वतयारी करून घेतात. गर्भारपण, ओठांवर वरचेवर उठणारी नागीण, जखमेचे व्रण जाड होण्याची प्रवृत्ती, मुरुमांसाठी घेतलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या आणि चेहऱ्यावर लावलेली प्रत्येक क्रीम ही माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. गोरेपणाच्या आशेने वापरल्या जाणाऱ्या अनेक मलमांत स्टेरॉइड असते. दीर्घकाळ वापरल्यास ते त्वचा पातळ करते आणि अशा त्वचेत आम्ल अनपेक्षित खोल उतरते. पीलनंतर सुटणारी साल नखांनी ओढून काढू नये. ती आपोआप गळू द्यावी.

लग्नसराईत अनेक घरांत घाई होते. विवाह पंधरा दिवसांवर आला असता वधूने आयुष्यातील पहिले पील करून घेणे हा मोठा धोका होय. डाग पडलाच तर तो जायला महिने लागतात. तयारी काही महिने आधी, त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्हावी. बाजारातून तीव्र आम्लाची बाटली आणून घरी प्रयोग करणे तर सर्वस्वी वर्ज्य मानावे.

शेवटी अपेक्षाही मापातच असावी. लोंबलेली त्वचा पील वर उचलत नाही, खोल खड्डे भरत नाही आणि जन्मजात वर्ण बदलत नाही. सावळेपण हा आजार नाही. त्यावर उपचार करण्याचे कारणच नाही. ज्यांना पील करून घ्यावयाचे आहे आणि ज्यांना नाही, अशा सर्वांसाठी पहिला उपाय एकच आहे : दुपारचे ऊन टाळणे, छत्री वापरणे आणि किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन रोज लावणे, उन्हात राहावे लागल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावणे. एवढे न करता केलेले पील म्हणजे छप्पर गळत असताना भिंतीला दिलेला रंग ठरतो.