घरबसल्या नोटरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी लोणी भापकर येथे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले, तेव्हा सणासुदीला साजेसा विषय घ्या, असे सुचविले होते. पण गेली दोन वर्षे माझ्या डोक्यात एक कागद घोळतो आहे. तेव्हा त्याविषयीच बोलते. मल्लिकार्जुनाच्या पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसून आपण ज्या गोष्टी एकमेकींच्या कानांत सांगतो, त्यांतलीच ही एक समजा.

माझे माहेर इंदापूर तालुक्यातले. वडील वारले, मागे दोन भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. महिना-सव्वा महिना झाला असेल, तोच भाचा मोटारसायकलवरून आला. म्हणाला, "आत्या, वारस लावायचे आहेत. एवढी सही कर. नोटरीसाहेब मोबाईलवरच आहेत, तुला तालुक्याला हेलपाटा नको." तव्यावर भाकरी होती. पिठाचे हात पदराला पुसले, मोबाईलला तोंड दाखविले, पलीकडच्या गृहस्थांनी नाव विचारले ते सांगितले आणि सही केली. चष्मा देवघरात होता. भाच्याला चहा दिला, वर शेंगांची पिशवी बांधून दिली!

धाकटी बहीण नाशिकला असते. तिला हाच निरोप गेला, तेव्हा ती म्हणाली, "आधी कागदाचा फोटो पाठव." रात्री तिचा फोन आला, "अक्का, हे वारसाचे नाही. हक्कसोडपत्र आहे."

मला त्या रात्री झोप लागली नाही. जमिनीचे दुःख थोडे. अंगाखांद्यावर खेळविलेल्या पोराने मला विचारले नाही, याचेच फार वाटले. आणि माझाही दोष होताच. चाळीस वर्षे मुलांना "वाचल्याशिवाय सही करू नका" म्हणून शिकविणारी मी!

पुढे एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सांगितले ते साऱ्यांनीच ऐकावे असे आहे. नोटरींचा कायदा १९५२ चा, तो अमलात आला १४ फेब्रुवारी १९५६ रोजी. नोटरी सहीची साक्ष देतो, प्रतिज्ञापत्रावर शपथ देतो, नोंदवही ठेवतो. ज्याची सही, ते माणूस त्याच्यापुढे हवे; मोबाईलवर चेहरा पाहून शिक्का मारण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. माझ्या कागदावर मात्र "माझ्यासमक्ष सही केली" असे छापलेले होते. 'घरबसल्या नोटरी' अशा जाहिराती आता मोबाईलवर येतात. त्यांत पैसे भरण्यापूर्वी एवढेच विचारावे, की नोटरी मला पाहणार कोठे? नोटरी स्वतः घरी येऊ शकतो, त्यात गैर काही नाही; नियमांत त्याच्या प्रवासभत्त्याचीही सोय आहे. फीचे दर त्याने कचेरीत आत-बाहेर लावलेले असावेत, असाही नियम आहे. आपण पाटीकडे बघतच नाही, ही गोष्ट निराळी.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. स्थावर मिळकतीवरचा हक्क सोडावयाचा, तर तो कागद दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागतो. १९०८ चा नोंदणी कायदाच तसा आहे. नोटरीचा शिक्का कितीही तांबडा असला तरी त्याने सात-बारावरचे नाव जात नाही. मला हायसे वाटले, पण वकीलबाई म्हणाल्या, "स्वस्थ बसू नका. असा कागद उद्या भांडणात पुढे येतो. ही सही समजून दिलेली नाही, हे आजच लेखी कळवा." तसे कळविले. फेरफाराची नोटीस आली तेव्हा पंधरा दिवसांच्या आत हरकतही दिली. शेवटी वारस म्हणून चौघांचीही नावे लागली. वारस लावण्याला कोणाचा हक्क सोडावा लागतच नाही, हे मला साठी उलटल्यावर समजले! लेकीला मुलाइतकाच वाटा २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, आणि दुरुस्तीच्या वेळी बाप हयात असो-नसो, हा हक्क जन्मानेच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सांगितले. आपण मात्र अजून साडीचोळीवर समाधान मानतो.

सारेच घरबसल्या करणे वाईट, असे मी म्हणत नाही. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवून देता येतो. ही सोय सरकारचीच, तिला नोटरी लागत नाही. सही केलेला सात-बाराही घरी निघतो. शाळेच्या, उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी पूर्वी प्रतिज्ञापत्रे करावी लागत. २०१५ साली शासनाने बहुतेक ठिकाणी स्वयंघोषणापत्र पुरे केले. तरी अजून कोणी मुद्रांक आणा म्हणते, आणि जेथे शंभराचा लागे तेथे ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झाला आहे. म्हणून मुद्रांक घेण्याआधी तो कशासाठी हवा, हे विचारावे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे काय, असे मला परवा एकीने विचारले. त्यासाठी दुय्यम निबंधक स्वतः घरी येतात. तिला गृहभेट म्हणतात. अर्ज करावा, फी भरावी. हे ठाऊक नसल्याने कित्येक म्हाताऱ्यांच्या अंगठ्याला परस्पर शाई लागते.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने २०१२ पासून पडद्यावर पाहून नोटरी करण्यास मुभा दिली. तेथे त्याला कायदा आहे, चित्रमुद्रण जपून ठेवावे लागते. तरी तिकडे असलेल्या मुलाने आईला कुलमुखत्यारपत्र पाठविले, तर त्यावर अपोस्टिल किंवा वकिलातीची साक्ष पाहावी, आणि येथे आल्यापासून तीन महिन्यांत त्याला मुद्रांक लावून घ्यावा.

थोरला भाऊ दोन महिने बोलला नाही. भाऊबीजेला मी तरीही गेले. त्याने ताटात पाकीट ठेवले, पण वर पाहिले नाही. मलाही शब्द फुटला नाही. भावजयीने मात्र जाताना ओटी भरली आणि हात घट्ट धरला.

गेल्या पंधरवड्यात तो आपण होऊन आला. विहिरीवरून पाइपलाइन करावयाची आहे, सोसायटीचे कर्ज हवे, त्याला आम्हा बहिणींच्या सह्या लागतात. ही गोष्ट आधीच मोकळेपणी सांगितली असती तर! मी म्हटले, "दादा, कागद आठ दिवस माझ्याजवळ ठेव. मग दोघे मिळून बारामतीला जाऊ." त्याने तो ठेवला आहे. चष्मा लावून मी तो रोज थोडा थोडा वाचते आहे. तिसऱ्या पानावर एक ओळ मला अजून समजलेली नाही, ती वकीलबाईंना विचारावयाची आहे.