मालकानेच नेमलेला पंच



वसाहतीच्या सरकारने आपल्याच कारभाराविरुद्धची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी लोकपाल नेमावा काय? ब्रिटिश हाँगकाँगमध्ये १९६०नंतरची दोन दशके हा प्रश्न वादात होता. त्या वादातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

स्वीडनने १८०९च्या संविधानात ही संस्था आणली, तेव्हा लोकपाल संसदेने नेमावयाचा होता. तिचे मर्म येथेच आहे. हाँगकाँगमध्ये १९८५पर्यंत विधिमंडळात निवडून आलेला एकही सभासद नव्हता. सारे गव्हर्नरचे अधिकारी, नाहीतर त्याने नेमलेले प्रतिष्ठित. या नेमलेल्या बिनसरकारी सभासदांनी १९६३ साली गाऱ्हाणी ऐकण्यासाठी कार्यालय उघडले होते. मग आणखी लोकपाल कशाला, असे सरकारचे म्हणणे.

उलट बाजूचा एक आक्षेप अधिक गंभीर आहे. मालकानेच नेमलेला पंच मालकाला काय जाब विचारणार? गाऱ्हाण्याची खिडकी उघडली की मताधिकाराची मागणी थंडावते आणि नागरिकाचा पुन्हा अर्जदार होतो. हा धोका खरा आहे. परंतु मताधिकार मिळेपर्यंत सामान्य माणसाने नोकरशाहीपुढे निमूटपणे उभे राहावे काय? ज्याच्यापाशी मतही नाही आणि वकिलाची फीही नाही, त्याला दाद मागण्याची जागा त्या दिवशीच हवी असते.

इतिहास सांगतो की ही जागा दरबारी कृपेने मिळाली नाही. १९६६ साली फेरीबोटीचे भाडे पाच सेंटने वाढवण्याच्या बेतावरून दंगल उसळली. १९७३ साली पोलीस अधिकारी पीटर गॉडबर चौकशी चालू असताना पळाला, लोक रस्त्यावर आले आणि १९७४ साली भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोग स्थापन झाला. प्रशासकीय तक्रार आयुक्त आला तो १९८९ साली, तोही गव्हर्नरने नेमलेला. विधिमंडळाच्या सभासदामार्फतच त्याच्याकडे जाता येई. पोलीस तर त्याच्या कक्षेबाहेरच होते. लोकांना थेट तक्रार करण्याचा आणि आयुक्ताला आपण होऊन चौकशी करण्याचा अधिकार १९९४ साली मिळाला. त्यानंतर तीनच वर्षांनी ब्रिटिश सत्ता तेथून गेली.

तेव्हा लोकपाल मागावा, पण कसोटी लावून मागावा. त्याला नेमतो कोण? गरीब माणूस त्याच्यापर्यंत थेट पोहोचतो काय? दंडुका हाती असलेले खाते त्याच्या कक्षेत येते काय? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत लढा थांबवू नये, आणि ती मिळाली तरी मताधिकाराचा लढा सोडू नये. लोकपाल हा लोकसत्तेचा पहारेकरी होऊ शकतो. तिचा पर्याय तो कधीच नव्हे.