नाव संस्थेचे, जबाबदारी प्रत्येकाची
(हीरक महोत्सवानिमित्त पालक व माजी विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वास्तुविशारद म्हटले की कोऱ्या कागदासमोर एकटा बसलेला, आपल्या प्रतिभेने नव्या वास्तूची रेषा ओढणारा कलावंत डोळ्यांसमोर उभा राहतो. बारावीनंतर या क्षेत्राकडे वळणारी मुले बहुधा याच प्रतिमेच्या ओढीने जातात. पाच वर्षांचा बी.आर्क.चा अभ्यासक्रम पूर्ण होतो, १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार नोंदणी होते आणि त्यांतील काहींची पावले शेकडो माणसे काम करणाऱ्या मोठ्या संस्थांकडे वळतात. तेथे ही प्रतिमा फार दिवस टिकत नाही. अशा संस्थेत माणसाला काय लाभते आणि काय सोडावे लागते, याचा विचार आई-वडिलांनी व मुलांनी आधीच करावयास हवा.

यासाठी 'स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल', म्हणजेच 'एस.ओ.एम.', या अमेरिकन संस्थेचे उदाहरण घेता येईल. १९३६ मध्ये शिकागो येथे लुई स्किडमोर आणि नॅथॅनिएल ओविंग्ज यांनी ती स्थापन केली. १९३९ मध्ये जॉन मेरिल त्यांना येऊन मिळाले. वास्तुविशारद आणि अभियंते यांनी एकाच छताखाली काम करावे आणि वास्तू संस्थेच्या नावाने ओळखली जावी, हे या संस्थेचे वैशिष्ट्य ठरले.

मोठ्या इमारतीचे काम टप्प्याटप्प्याने चालते. आधी संकल्पना, मग प्राथमिक आराखडा, त्यानंतर तपशीलवार आराखडा, पुढे बांधकामाचे नकाशे आणि शेवटी प्रत्यक्ष बांधकामावर देखरेख. यात कित्येक वर्षे जातात. नव्याने आलेल्या पदवीधराच्या वाट्याला इमारतीचा दर्शनी भाग क्वचितच येतो. त्याला जिने, स्वच्छतागृहे किंवा दारांची यादी करावी लागते. प्रत्येक दाराची रुंदी, ते उघडण्याची दिशा, बिजागरी, कुलूप, आग किती वेळ रोखून धरील याची क्षमता, हे सारे त्या यादीत नोंदवावे लागते. वरिष्ठांनी लाल शाईने खुणा केलेले नकाशे पुन्हा पुन्हा काढावे लागतात. नकाशे सुपूर्त करण्याचा दिवस जवळ आला की रात्रीही कचेरीतच सरतात. हे काम नीरस वाटते खरे. परंतु आग लागते तेव्हा माणसे इमारतीच्या दर्शनी भागातून बाहेर पडत नाहीत, ती त्या जिन्यातून आणि त्या दारातून बाहेर पडतात.

एकट्याला जे साधत नाही ते अशा कचेरीत साधते, हा तिचा मोठा लाभ होय. ढाक्यात जन्मलेले फजलुर खान १९५५ मध्ये एस.ओ.एम.मध्ये अभियंता म्हणून रुजू झाले. इमारत जितकी उंच, तितका वाऱ्याचा जोर अधिक. तो पेलण्यासाठी लागणारे पोलाद परवडेनासे होते. खान यांनी इमारतीचा बाह्य भागच पोकळ नळीसारखा मजबूत करण्याची पद्धत विकसित केली. वेळू आतून पोकळ असूनही वाऱ्यात तग धरतो, तसाच हा प्रकार. वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहम आणि खान यांनी मिळून शिकागोतील शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटर साकारले. त्याच्या बाहेरून दिसणाऱ्या तिरप्या पोलादी पट्ट्या हीच त्याची शोभा आणि हाच त्याचा आधार. पुढे नऊ चौकोनी नळ्यांची मोळी बांधावी तसा ११० मजली, ४४२ मीटर उंचीचा सीअर्स टॉवर उभा राहिला. या वास्तूंचे श्रेय रूपाला द्यावे की गणिताला, हे वेगळे करून सांगता येत नाही.

मात्र याच पद्धतीची दुसरी बाजूही पाहावयास हवी. नॅटली डी ब्लॉइस १९४४ मध्ये एस.ओ.एम.मध्ये दाखल झाल्या आणि सुमारे तीस वर्षे तेथे राहिल्या. न्यूयॉर्कमधील लीव्हर हाऊस, पेप्सी-कोला इमारत, युनियन कार्बाइड इमारत यांच्या रचनेत त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. या वास्तूंसाठी जगाने नाव घेतले ते प्रामुख्याने गॉर्डन बनशाफ्ट यांचे. १९८८ मध्ये त्यांना प्रित्झकर पारितोषिकही मिळाले. डी ब्लॉइस पूर्ण भागीदार कधीच झाल्या नाहीत. त्यांचे श्रेय संस्थेच्या नावात लोपले, हे स्वतः ओविंग्ज यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात मान्य केले. नाव सर्वांचे असे म्हटले, तरी ते सर्वांना सारखे मिळत नाही. आपल्या मुलींना या क्षेत्रात पाठविणाऱ्या पालकांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

श्रेयाप्रमाणे जबाबदारीही वाटली जाते आणि तेथे अधिक मोठा धोका असतो. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील एका मोठ्या हॉटेलच्या दालनात दुसऱ्या व चौथ्या मजल्यांवरचे पूल एकाखाली एक टांगलेले होते. मूळ आराखड्यात छतापासून निघालेल्या एकाच अखंड सळईवर दोन्ही पूल स्वतंत्रपणे तोलले जाणार होते. पुढे सोयीसाठी तिच्या दोन सळया झाल्या आणि खालचा पूल वरच्या पुलालाच टांगला गेला. विहिरीत सोडलेल्या दोराला दोघांनी धरणे वेगळे आणि दुसऱ्याने पहिल्याच्या पायांना लोंबकळणे वेगळे! वरच्या पुलाच्या जोडावर भार दुप्पट झाला. बदललेला नकाशा अनेकांच्या हातांखालून गेला. पण त्या जोडाचे गणित कोणीही नव्याने मांडले नाही. १७ जुलै १९८१ रोजी नृत्याच्या कार्यक्रमासाठी गर्दी जमलेली असताना दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसे मृत्युमुखी पडली. दुसऱ्याने तपासले असेल, ही समजूत मोठ्या संस्थेत सहज रुजते. म्हणूनच आपल्यासमोरचा कागद आपणच तपासणारा माणूस तेथे मोलाचा असतो, मग तो पदाने कितीही लहान असो.

आपल्यापैकी अनेक जण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या दोन क्रमांकाच्या टर्मिनलमधून गेले असतील. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या वास्तूचा आराखडाही एस.ओ.एम.चाच. वर जाता जाता फुलासारखे उमलणारे पांढरे खांब आणि मोरपिसाची आठवण करून देणारी छतावरील नक्षी पाहून प्रवासी क्षणभर थांबतात. त्यांतील एखादा खाचा किती खोल असावा, तेथे दिवा कसा बसावा, पावसाचे पाणी कोठून वाहून जावे, यावर कोणी तरी महिनोन्‌महिने बसलेले असते. त्या व्यक्तीचे नाव तेथे कोरलेले नसते. ती कधी तरी त्याच छताखालून आपल्या आईला घेऊन जाईल आणि फक्त एका कोपऱ्याकडे बोट दाखवील. हे समाधान पुरेसे वाटणाऱ्यांनी मोठ्या संस्थेत अवश्य जावे. ज्यांना स्वतःच्या नावाची पाटी हवी, त्यांनी लहान कचेरीचा, पुढे स्वतःच्या व्यवसायाचा मार्ग धरावा. दोन्ही वाटा सन्मानाच्या आहेत.

संस्था निवडताना तरुणांनी पगाराबरोबर आणखी तीन गोष्टींची चौकशी करावी : येथे शिकविणारे वरिष्ठ कोण आहेत, नकाशा शेवटी कोण तपासतो आणि पूर्ण झालेल्या कामाच्या नोंदीत कोणाकोणाची नावे लिहिली जातात. या शाळेतून बाहेर पडलेले काही विद्यार्थी उद्या अशा संस्थांत वरिष्ठ पदांवर असतील. तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच हाती असेल. दारांची यादी करणाऱ्या मुलाचे आणि मुलीचे नावही त्यांनी त्या नोंदीत आवर्जून लिहावे, हीच अपेक्षा.