मोठ्या विजेचा छोटा ट्रान्झिस्टर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



भिवंडीच्या वेशीवर राहनाळ नावाचं गाव आहे. तिथे मी राहतो आणि आसपासच्या सायझिंगमध्ये, रेपियर मागांच्या कारखान्यांमध्ये मोटारींचे ड्राइव्ह दुरुस्त करतो. ड्राइव्ह म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारी इलेक्ट्रॉनिक पेटी. जुन्या साध्या मागाला ती लागत नसे. मोटार, पट्टा आणि धोटा, एवढ्यावर त्याचं भागायचं. सायझिंगचं तसं नाही. ताण्याचं सूत खळीतून निघून तापलेल्या सिलिंडरांवरून बीमवर जाईपर्यंत त्याचा ताण सारखा राहावा लागतो. तीन-चार मोटारी एकमेकींना धरून चालल्या तरच ते जमतं.

या ड्राइव्हच्या पोटात साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी असते. तिला आम्ही नुसतं ‘मॉड्यूल’ म्हणतो. ती उडाली की सगळं थांबतं. नवीन आणायची म्हटली की काही हजार रुपये लागतात. मोठ्या यंत्राची असेल तर आकडा लाखाकडे जातो. मग कारखानदार डबी हातात घेऊन उलटीसुलटी करतात आणि हमखास विचारतात, “काय आहे हो यात एवढं?”

प्रश्न रास्त आहे. आजचं भाषण त्याच्याच उत्तरासाठी.

त्या डबीत ट्रान्झिस्टर आहेत. पण रेडिओत असतो तसला हा ट्रान्झिस्टर नव्हे. याचं नाव आयजीबीटी, म्हणजे इन्सुलेटेड गेट बायपोलर ट्रान्झिस्टर. कारखान्यात येणारी ४१५ व्होल्टची वीज ड्राइव्हमध्ये आधी एकदिश होते, साधारण ५६० ते ५९० व्होल्टची. मग हे ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून तिचे तुकडे पाडतात आणि मोटारीला हव्या त्या वेगाची वीज बांधून देतात. बंद असताना शेकडो व्होल्ट अडवायचे, उघडल्यावर शंभर-शंभर अँपिअर सोडायचे, आणि हे सगळं नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीवर!

उष्णतेचा हिशोब करून बघा. शंभर अँपिअर जात असताना चकतीवर दोन व्होल्ट जरी खर्ची पडले, तरी दोनशे वॅट झाले. जागा केवढी? एक चौरस सेंटिमीटर. आपल्या घरची इस्त्री हजार वॅटची असते, पण तिचा तळवा मोठा. तुलना केली तर ही चकती इस्त्रीच्या तळव्यापेक्षा तीस-चाळीस पट जास्त उष्णता सोसत असते. आणि तरीही तिने दीडशे अंशांच्या आसपास राहायचं, त्याच्या फार वर जायचं नाही.

आता ही वस्तू सुचली कुणाला? बी. जयंत बालिगा यांना. मद्रासमध्ये जन्म, बंगळूरला बालपण, १९६९ साली आयआयटी मद्रासची पदवी आणि पुढे अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत नोकरी. कंपनीला मोटारींचा वेग बदलणारे स्वस्त ड्राइव्ह हवे होते. त्या वेळी हाताशी दोन वस्तू होत्या. मॉसफेट हा ट्रान्झिस्टर चालवायला सोपा, पण जास्त व्होल्ट अडवायचे तर त्याचं सिलिकॉन जाड करावं लागे आणि मग त्याचा विरोध भयंकर वाढे. दुसरा बायपोलर. तो प्रवाह भरपूर सोडी, पण त्याला चालवायलाच भरमसाट प्रवाह पुरवावा लागे. १९८०च्या सुमारास बालिगांनी दोघांची सांगड घातली. मॉसफेटच्या पाठीला आणखी एक थर दिला. त्या थरातून जादा विद्युतभार आत शिरतो, जाड सिलिकॉन विजेने भरून जातं आणि विरोध कोसळतो.

जाणकारांनी शंका काढली, आणि ती खोटी नव्हती. चार थर एकावर एक आले की नकळत थायरिस्टर तयार होतो. तो एकदा लागला की लागला, गेटने कितीही सांगितलं तरी बंद होत नाही. बालिगांनी आत एक खोल, दाट थर घालून त्याला लागूच दिलं नाही. दुसरी अडचण बंद होण्याची. आमच्या राहनाळच्या भाषेत सांगतो. गोदामाचं फाटक लावलं म्हणून आवारातल्या गाड्या नाहीशा होत नाहीत, त्या बाहेर काढाव्या लागतात. तसा आत भरलेला भार ओसरेपर्यंत प्रवाहाची शेपटी उरते आणि तेवढा वेळ चकती तापते. यावर उपाय म्हणून सिलिकॉनवर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा केला. त्याने स्फटिकात सूक्ष्म दोष पडतात आणि भार तिथे लवकर जिरतो. मात्र त्याच माऱ्याने गेटखालचा नाजूक थर बिघडतो. तो माफक तापवून पूर्ववत करता येतो आणि स्फटिकातले उपयोगी दोष तसेच राहतात, हे बालिगांनी दाखवलं. माझ्या मते मूळ कल्पनेइतकीच मोलाची गोष्ट ही आहे, कारण कल्पना कागदावर राहिली नाही ती यामुळे. २०२४ साली त्यांना फिनलंडचा दहा लाख युरोंचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. आपल्याकडे त्याची चर्चा किती झाली, ते आपण जाणताच.

आता कृतीकडे वळू. सुरुवात सिलिकॉनपासून. वाळूतून निघतं हे खरं, पण इथे लागतं ते कमालीचं शुद्ध. पुष्कळदा वितळलेल्या सिलिकॉनमधून कांडी ओढून काढतात. पण ते ज्या मुशीत वितळवतात, त्या मुशीतला ऑक्सिजन त्यात उतरतो. म्हणून मोठ्या विजेसाठी दुसरी युक्ती आहे. सिलिकॉनची कांडी उभी टांगायची, भोवती तांब्याचं वेटोळं, त्यातून उच्च वारंवारितेची वीज. कांडीचा फक्त एक अरुंद पट्टा वितळतो. तो पट्टा हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवत न्यायचा. मळ घट्ट भागापेक्षा वितळलेल्या भागात राहणं पसंत करतो, म्हणून तो पट्ट्याबरोबर टोकाला जातो. लहानपणी प्लास्टिकच्या नळीतली गोठलेली ‘पेप्सी’ आपण चोखली असेल. कडेचा बर्फ फिका आणि रंग-साखर मधे गोळा झालेली. तत्त्व तेच! इथे मुशीचा स्पर्शच नाही.

इतकं शुद्ध केल्यावर त्यात पुन्हा मोजून फॉस्फरस घालायचा असतो, आणि तोही सगळीकडे सारखा. एका जागी जास्त झाला तर व्होल्टचा दाब तिथेच फुटतो. १९७०च्या दशकात डेन्मार्कमध्ये यावर एक अजब उपाय रुळला. कांडी अणुभट्टीत ठेवायची. सिलिकॉनमध्ये तीन टक्क्यांच्या आसपास एक जड समस्थानिक असतं. ते न्यूट्रॉन गिळतं आणि काही तासांत त्याचा फॉस्फरस होतो. बाहेरून घालायची गरजच नाही, जागच्या जागी आणि सगळीकडे सारखा तयार होतो.

पुढे कांडीच्या चकत्या. त्यांवर हजार अंशांच्या भट्टीत ऑक्साइडचा थर वाढवतात, मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढा. हाच गेटखालचा नाजूक थर. आधुनिक आयजीबीटीत गेटसाठी काही मायक्रॉन खोल चर खणतात, तेही हत्याराने नव्हे, तर प्लाझ्माने.

इथवर संगणकाच्या चिपशी साम्य आहे. फरक पुढे. संगणकाच्या चिपमध्ये सारा कारभार वरच्या कातडीत चालतो. इथे वीज वरून खाली, आरपार जाते. म्हणून पाठही पोटाइतकीच महत्त्वाची, आणि जाडी तर सर्वांत महत्त्वाची. जाड ठेवली तर तापते, पातळ केली तर व्होल्ट सोसत नाही. १२०० व्होल्टच्या आयजीबीटीची जाडी १२० मायक्रॉनच्या आसपास, पोस्टकार्डाच्या जेमतेम निम्मी. मूळ चकती असते सातशेच्या वर. म्हणजे एवढ्या कष्टाने शुद्ध केलेलं सिलिकॉन बहुतेक सगळं घासून टाकायचं! सोनाराची गोष्ट असती तर त्याने झाडलोटही विकली असती.

आठ इंच व्यासाची आणि इतकी पातळ चकती पापडासारखी वळते. म्हणून काही ठिकाणी ती मधेच घासतात आणि कड जाड ठेवतात, ताटाच्या काठासारखी. मग पाठीवर बोरॉन आणि फॉस्फरसचे आयन रोवतात. ते बसायला उष्णता हवी. पण तोवर पोटावर अ‍ॅल्युमिनिअम चढलेलं असतं आणि ते ६६० अंशांना वितळतं. मग पाठीवर लेसरचा क्षणिक झोत टाकतात. पाठ तापते, पण ती उष्णता पोटापर्यंत पोचायच्या आत सगळं आटोपलेलं असतं. ऑस्ट्रियातल्या फिलाख इथे इन्फिनिऑन कंपनीने २०२१मध्ये बारा इंची पातळ चकत्यांचा मोठा कारखाना उघडला, तिथे हीच कामं चालतात.

चिपचे तुकडे करून चाचणीत नापास झालेले वगळतात. याचा फायदा काय, ते रेल्वेच्या उदाहरणाने कळेल. नव्वदच्या दशकाच्या मध्यात एबीबीच्या तंत्राची तीन फेजची इंजिनं भारतात आली. आमच्या भिवंडी रोड स्टेशनातून वसई-दिवा मार्गावर मालगाड्या ओढणारं डब्ल्यूएजी-९ हे त्यांतलंच. सुरुवातीच्या इंजिनांत जीटीओ होते आणि एक जीटीओ म्हणजे अख्खी एक चकती. कुठे एक दोष निघाला तर चकती वाया. आयजीबीटीत लहान चिपा शेजारी शेजारी जोडतात, खराब निघाल्या तेवढ्या फेकायच्या. पुढे नवी इंजिनं आयजीबीटीवर गेली. २००७मध्ये मुंबईत आलेल्या पांढऱ्या-जांभळ्या लोकलमध्येही हेच आहेत. गाडी सुटताना ऐकू येणारा तो चढता सूर म्हणजे त्यांच्या उघडझापेचाच परिणाम.

यानंतरची पायरी जुळणीची, आणि माझा रोजचा संबंध येतो तो हिच्याशी. चिप तांबं चढवलेल्या सिरॅमिकवर डागतात, खाली धातूचा जाड तळ, वरून अ‍ॅल्युमिनिअमच्या तारा, जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर जाडीच्या. त्या डाग न देता, ध्वनिलहरींच्या कंपनांनी चिपला चिकटवतात. वर पारदर्शक जेल. आता बघा, तापलं की अ‍ॅल्युमिनिअम सिलिकॉनच्या सात-आठ पट प्रसरतं. मोटार चालू झाली, थांबली, पुन्हा चालू झाली. दर वेळी तार ताणली जाते, सैल होते. एक दिवस तिचा पाय उचलला जातो. मग उरलेल्या तारांवर भार, त्या तापतात, आणि पुढे काय होतं ते आवाजावरूनच कळतं. डाग देताना हवेचा बुडबुडा राहिला असेल तर त्याच्यावरची जागा आधी जळते. म्हणून चांगले उत्पादक निर्वातात डाग देतात आणि एक्स-रेखाली एकेक डबी तपासतात. डबीच्या किमतीत या तपासणीचाही वाटा असतो.

बाजारात मात्र अर्ध्या किमतीतही डब्या मिळतात. छाप तोच, नंबर तोच. आमच्याकडच्या एका सायझिंगमध्ये अशी एक डबी बसवली गेली. अठराव्या दिवशी रात्रपाळीत ती फुटली. मी ती उघडून पाहिली. चिपा असायला हव्यात त्यापेक्षा लहान होत्या, आणि डागात डोळ्यांनी दिसतील एवढी भोकं. नुकसान डबीपुरतं राहत नाही. यंत्र अचानक थांबलं की खळीत भिजलेलं सूत सिलिंडरवर करपतं, तो ताणा गेला. बीम नाही म्हणून पुढचे माग उभे. आणि मागावरचा कामगार कापडाच्या हिशोबाने मजुरी घेतो; माग उभा तर त्याची मजुरीही उभी. त्या आठवड्यात तिघे-चौघे कामगार माझ्याकडे येऊन विचारत होते, “भाऊ, कधी चालू होईल?” छाप खोडून नवीन छाप मारणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं.

नकली डबी बाहेरून ओळखणं कठीण. वजन, छापाची धार, तळाची सफाई यांवरून अंदाज येतो, खात्री नाही. बिल आणि अधिकृत विक्रेता एवढीच खात्री.

आपल्याकडे हे का बनत नाही, असंही लोक विचारतात. अगदीच काही नव्हतं असं नाही. भांडुपला १९५८ साली हिंद रेक्टिफायर्स सुरू झाली, रेल्वेसाठी रेक्टिफायरची कामं तिने केली. पवईला आयआयटीत २००६पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र आहे, तिथे मुलं स्वतःच्या हाताने ट्रान्झिस्टर घडवून शिकतात. पण आयजीबीटीच्या चिपा आपण मुख्यत्वे आयातच करत आलो. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्र सरकारने काही प्रकल्प मंजूर केले. मोहालीत मॉसफेट-आयजीबीटी, आणि ओडिशात सिलिकॉन कार्बाइड. हे सिलिकॉन कार्बाइड म्हणजे आपलं कार्बोरंडम, धार लावायच्या चाकातलं. त्याचा स्फटिक दोन हजार अंशांच्या वर वाफेतून जमवतात, तासाला मिलिमीटरपेक्षाही कमी वेगाने. कापायला हिऱ्याची तार लागते. पण ते सिलिकॉनपेक्षा कितीतरी पातळ थरात तेवढेच व्होल्ट अडवतं, म्हणून विजेच्या मोटारगाड्यांना ते हवं आहे. मंजुरी मिळाली म्हणजे माल आला असं नव्हे. पण डबीची पावती जवळच्या गावची असली, तर नकली माल पकडणं सोपं जाईल, एवढी आशा मला आहे.

तोवर कारखानदारांना माझं सांगणं साधं आहे. भिवंडीत हवेत रुई उडते. ती ड्राइव्हच्या पंख्याच्या जाळीवर बसते, हवा अडते, डबी दहा-पंधरा अंश जास्त तापते आणि आत त्या तारा अधिक ताणल्या जातात. दर आठवड्याला मेन स्विच बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, आणि मग जाळी काढून झटका. डबी बदलली तर तळाखाली नवीन पेस्ट लावा, पातळ आणि सारखी, आणि स्क्रू एका बाजूने न आवळता आळीपाळीने आवळा.